टाकीवाल्याकडे आलेली ओली गाडी

५ तारीख, सोमवार

सगळ्यांत आधी टपकली ती समोरची शिंपीण. सुईत दोरा ओवून द्या म्हणे! आता तूच सांग पिंपा, जिचा सगळा जन्म सुईदोऱ्यात गेला ती माझ्याकडे, मोतीबिंदूवालीकडे, दोरा ओवायला येईल? मी ओळखलं, बाईला काहीतरी दिसलंय आणि पोटात मावत नाहीये.

"तुमच्या फाटकाशी एक गाडी केव्हाची उभी आहे," म्हणाली. "आत एक मुलगी आहे. रडतेय की हसतेय, काही कळत नाही."

"पत्ता चुकली असेल," मी म्हटलं.

"पत्ता चुकलेली माणसं उतरून फाटकावरून हात फिरवत नाहीत, काकू."

तर ती तुझी लेक.

उभा असलास तर बस. बसला असलास तर बसूनच राहा. सात वर्षांची असताना तुझं बोट धरून या फाटकातून गेली ती आज आली, कडेवर मूल घेऊन. कशावरून ओळखलं विचार. नाकावरून नाही, डोळ्यांवरून नाही. दारात उभी राहून डाव्या पायाने उजवी पोटरी खाजवत होती. ओरडा खायची वेळ आली की तू तसाच उभा राहायचास.

"आजी, वाटेत होतं म्हणून आले," म्हणाली. वाटेत! आपलं घर कुणाच्या वाटेत आहे रे? पोस्टमनसुद्धा मुद्दाम वळून येतो, तेही वर्षातून एकदा तुझं चार ओळींचं पत्र घेऊन, ज्यात वडिलांचं नाव नसतं.

तिच्या नवऱ्याला घाटापलीकडच्या शहरात नोकरी लागली आहे. तो पुढे गेलाय. ही मागून भांडीकुंडी आणि पोर गाडीत घालून निघाली. पोरगा बसायला लागलाय, दोन दात आलेत, आणि एकदा चिकटला की सुटत नाही म्हणून मी त्याचं नाव मुंगळा ठेवलं. "बाबांना सांगू नकोस हं आजी," ती म्हणाली. "वेळ आली की मीच सांगेन." मी कबूल केलं. सांगत नाहीच आहे. लिहितेय. आणि पेटीत कधी टाकायचं ते माझं मी ठरवीन.

आता तुला विचारायचंय आणि तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. हे मागच्या शेडमध्ये होते. पाण्याच्या टाक्यांचं काम बंद होऊन किती वर्षं झाली, तरी सकाळी उठून जातात, पत्र्याचे तुकडे सरळ करत बसतात. बाहेर आले. तुझ्या लेकीकडे पाहिलं, मुंगळ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतात की काय. तिने सामान काढायला गाडीचं दार उघडलं आणि आतून पाणी ओघळलं, थेट यांच्या चपलेवर. तर पहिलं वाक्य काय? "गाडी गळतेय."

पण काय आनंद झाला म्हणतोस त्यांना! एवढ्या वर्षांत कुणी दाराशी गळकी वस्तू घेऊन आलं नव्हतं.

ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेखाली नुसतं डबडब पाणी. पाऊस आला की येतं, कुठून येतं ते कळत नाही. तीन गॅरेजवाल्यांनी तीन कारणं सांगितली म्हणे. हे सगळं ऐकायला मजेचंच होतं. पण आम्ही जेवत होतो, गाडीची चावी टेबलावर माझ्या ताटाशेजारी, आणि बाहेर फाटकात गाडी एकटी. एकदम खटॅक! चारही दारं आपली आपण बंद झाली. थोड्या वेळाने खटॅक, उघडली. मग पुसण्या एकदा काचेवरून फिरल्या, कोरड्याच.

मुंगळा खदखदून हसला. मी चावीकडे बघितलं, तिला कुणी हात लावला नव्हता.

"ओली झाली की असं करते ती," तुझी लेक म्हणाली, जसं काही मांजराबद्दल बोलतेय. सीटखाली एक पेटी असते, तिच्या हातात सगळी कुलपं, सगळ्या काचा. ती भिजली की तिचं डोकं फिरतं. आणि या फिरलेल्या डोक्याच्या गाडीतून ही एकटी पोरगी पोराला घेऊन शनिवारी घाट चढणार. मी म्हटलं, बसने जा. हसली. तुझ्यासारखीच, ऐकून न ऐकल्यासारखं.


७ तारीख, बुधवार

पिंपा, भोक सापडलं असं कालच लिहिणार होते. बरं झालं लिहिलं नाही.

काल यांनी चष्मा दोरीने बांधला आणि बॉनेट उघडलं. पुढच्या काचेच्या पायथ्याशी एक काळी जाळी असते, ती काढली. खाली लांब पन्हळ. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात उतरतं. गाडी म्हणे वर्षभर झाडाखाली उभी असायची. त्या पन्हळीतून यांनी ओंजळी भरभरून कुजका पाला काढला, आणि पाल्याखाली, अगदी तळाला, अंगठा जाईल एवढं भोक!

"सापडलं!" असे ओरडले की शिंपीण खिडकीत आली.

तुला ठाऊक आहे यांचं. भोक लहान की मोठं विचारू नये, बुजवावं. शेडमधून भेगा भरायची लांबी आणली, काळं रबर आणलं, आणि टाकीच्या सांध्याला डाख द्यावा तसं जीव लावून ते भोक बंद केलं. तुझी लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "आजोबा, ते कंपनीनेच ठेवलेलं नसेल ना?"

"कंपनी कशाला भोक ठेवेल? टाकीला कुणी मुद्दाम भोक पाडतं का?"

मीही हसले. खोटं कशाला सांगू, आम्ही दोघंही हसलो तिला. ती पण हसली. फार छान दिवस होता. मुंगळा आमच्या जुन्या छोट्या टाकीत बसून थाळी वाजवत होता, तीच टाकी जिच्यात तू लपून बसायचास आणि बाहेर यायला अडकायचास, म्हणून तुझं नाव पिंपा पडलं.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी दार उघडलं तर पाणी दुप्पट. मागच्या बाजूलासुद्धा पोचलेलं. मुंगळ्याच्या खुर्चीचा पट्टा हाताला बुळबुळीत लागला, त्यावर पांढरी बुरशी. त्या आंबलेल्या वासात मी तो पट्टा पदराने पुसत राहिले. आपल्याला टाकी माहीत आहे, टाकी गळली तर फार तर अंगण ओलं होतं. या गाडीत माणसं बसतात.

हे म्हणाले, "दुसरं भोक आहे. उद्या पद्धतशीर शोधू. तू आत बस."

आत बसायचं काम माझंच. तू लहान होतास, तुला आठवतं का नाही कोण जाणे. टाकी तयार झाली की मी आत शिरायची, अंगाने एवढीशी म्हणून. हे वरून झाकण लावायचे. अंधारात डोळे स्थिर झाले की कुठे सुईएवढा उजेड दिसतो ते बघायचं आणि खडूने गोल करायचा. एक ठोका म्हणजे सापडलं. दोन म्हणजे इथे काही नाही, पुढे चला. तीन म्हणजे उघडा. सगळ्या आयुष्यात मला टाकीत कधी भीती वाटली नाही, कारण तिसरा ठोका पुरा व्हायच्या आत झाकण उघडलेलं असायचं.

गाडीत बसायची मात्र वाटते. हे मी त्यांना बोलले नाही.


८ तारीख, गुरुवार

आज काही विशेष नाही. दुपारी ऊन पडलं होतं.

मुंगळा ठीक आहे. दोन वेळा मऊ भात खाल्ला.

अक्षर असं का आलंय विचारू नकोस. गुडघा सोलवटलाय एवढंच. उद्या लिहीन.


९ तारीख, शुक्रवार

लिहून टाकते. पोटात ठेवलं तर झोप लागायची नाही.

काल पोरगा सकाळपासून किरकिरत होता. त्याला झोप लागते ती फक्त गाडीतल्या खुर्चीत. मी म्हटलं, मी आत बसणारच आहे, द्या त्याला माझ्याशेजारी, तू जा, डोकं धुऊन घे. मागच्या सीटवर एका बाजूला त्याची खुर्ची, दुसऱ्या बाजूला मी, हातात विजेरी आणि खडू. त्याला चघळायला काहीतरी हवं म्हणून गाडीची चावी दिली. बुद्धी बघ माझी.

यांनी दारं लावली. नळी घेऊन खालून सुरुवात केली, चाकांपासून वर. मी दोन ठोके देतेय, पुढे चला, पुढे चला. मुंगळा पेंगायला लागला. आणि मग ते झालं. खटॅक.

मी दाराची कडी ओढली. मागच्या दारांना लहान मुलांसाठी खोडा घातलेला असतो, ती आतून उघडतच नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काचेचं बटण दाबलं. ढिम्म. चावी त्याच्या तोंडातून ओढून घेतली, तिच्यावरचं एकेक बटण दाबलं. गाडी मुकी. चावी हिसकावली म्हणून पोरगा रडायला लागला.

मी तीन ठोके दिले.

यांनी ऐकले. नळी तिथेच बॉनेटवर टाकली आणि धावले, या वयात, घसरत. एक दार ओढलं, दुसरं ओढलं, चारही ओढली. पिंपा, मी पुन्हा तीन ठोके दिले. पुन्हा दिले. आयुष्यात पहिल्यांदा झाकण उघडलं नाही.

काचा तापल्या होत्या. माझ्या श्वासाने आणि त्याच्या रडण्याने आतून धुरकट झाल्या, त्यात यांचा चेहरा नुसता डाग दिसायला लागला. मुंगळा लालबुंद, घामाने केस चिकटलेले. हे शेडमध्ये पळाले आणि हातोडा घेऊन आले. आले ते नेमके त्याच्याच बाजूच्या काचेशी! मी दोन्ही हात हलवून नाही नाही करतेय आणि त्यांना काच पुसल्याशिवाय दिसत नाहीये. ते बाहेरून पुसतायत, वाफ आतून. हातोडा वर गेला तेव्हा मी पोराच्या अंगावर आडवी पडले आणि जिवाच्या आकांताने काचेवर दोन ठोके दिले. पुढे चला! दुसरं काही सुचलंच नाही. आणि हातोडा खाली आला, सावकाश. कान गेलेत त्यांचे, पण ठोके कळतात.

मग मला पुढच्या दोन सीटांमधली फट दिसली. पुढच्या दारांना तरी खोडा नसेल, असं मनाशी म्हटलं आणि शिरले. हसू नकोस. डोकं पुढे, पाय मागे, मध्ये ती गिअरची दांडी बरगडीत. एक हात खाली टेकला तो त्या डबक्यात. तशी उलटी लटकलेली असताना हातावर गार धार पडली. नुसते थेंब नव्हेत, धार! समोरच्या फळीच्या खालून, जिथून पंख्याचा वारा येतो तिथून पाणी येत होतं. मी बघितलं आणि विसरले. कुणाला सुचतंय तेव्हा.

पुढच्या दाराची कडी लागली हाताला. ओढली. उघडलं.

मी अर्धी बाहेर पडले, यांनी मला ओलांडून आत हात घातला, पट्टा सोडवला आणि पोराला बाहेर काढलं. तो हुंदके देत त्यांच्या मानेला चिकटला. तेव्हा दारात तुझी लेक उभी होती. केसांतून पाणी गळतंय, तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

ओरडली असती तर बरं झालं असतं. पोराला घेतलं, त्याचे हातपाय चाचपले, मग यांना म्हणाली, "तुम्ही ते भोक बुजवल्यापासून पाणी वाढलंय, आजोबा. मी विचारलं होतं तुम्हाला."

"म्हणजे हे माझ्यामुळे?" हे म्हणाले. तो आवाज तुला माहीत आहे. "मला गळती शिकवू नकोस."

"बाबा म्हणायचे ते बरोबर होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

तू प्लॅस्टिकच्या टाक्यांचं नाव काढलंस त्या दिवशीही ते असंच म्हणाले होते, मला टाकी शिकवू नकोस. आणि तूही असाच आत गेला होतास, सामान बांधायला.

आज दिवसभर हे शेडमध्ये. ती कपड्यांच्या घड्या घालतेय. उद्या सकाळी निघते म्हणाली, त्याच गाडीतून. बसने जा म्हटलं तर म्हणे भांडीकुंडी कुठे टाकू. पुन्हा पाऊस लागलाय. मला भीती दोन गोष्टींची आहे आणि कोणती मोठी ते कळत नाही. घाटात ती दारं पुन्हा लागतील ही एक. आणि सुखरूप पोचली तरी ती इथे पुन्हा कधी पाऊल ठेवणार नाही, ही दुसरी.


१० तारीख, शनिवार

सकाळी पाऊस मुसळधार. ती छत्री मानेत धरून पोराला खुर्चीत बांधत होती. हे शेडमध्ये पाठ करून बसलेले. मी चिखलातून गेले, एक चप्पल तिथेच राहिली.

म्हटलं, "अहो, परवा तुमची नळी बॉनेटवर पडली होती ना, काचेच्या पायथ्याशी, तेव्हा माझ्या हातावर धार पडत होती. वारा येतो तिथून."

"तिथलं भोक मी बुजवलंय. तिथून थेंब जायचा नाही."

"तेच म्हणतेय मी. तिथून जायचा नाही. मग पन्हळीतलं पाणी जाणार कुठे?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या टाकीकडे बघितलं. ओठ हलले. "काठोकाठ भरून," म्हणाले, "वरून वाहील." हातातला पत्र्याचा तुकडा खाली ठेवला. मग, "अगं, मी त्या पन्हळीची टाकी केली."

पाला तुंबला होता म्हणून पाणी चढत होतं. पाला काढला तेव्हाच काम झालं होतं. मग यांनी भोक बुजवलं, आणि असं बुजवलं म्हणतोस, जन्मात इतकी पक्की टाकी केली नव्हती.

स्क्रूड्रायव्हर घेऊन तसेच पावसात निघाले. तिने गाडी सुरू केली होती. हे आडवे उभे राहिले.

"पोरी, बॉनेट उघड."

"आजोबा, उशीर होतोय मला."

"उघड. चूक माझी आहे."

माझ्या हातातली छत्री पडली. पिंपा, तू तिथे असतास तर तुझ्याही हातातलं काही पडलं असतं. लग्नानंतर एवढ्या वर्षांत मी हे तीन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मला वाटायचं त्यांना ते येतच नाहीत, मला पोहणं येत नाही तसे.

तिने इंजिन बंद केलं. जाळी काढली. खाली पन्हळ काठोकाठ भरलेली, काळं पाणी, त्यात पावसाचे थेंब उड्या मारतायत. यांनी बाही न सरकवता हात घातला, रबर खरवडलं, ओढलं, आणि गाडीखाली चाकाशेजारी धो धो धार सुरू झाली. यांच्या दोन्ही पायांवर. सरकले नाहीत.

"आयुष्यभर भोकं बुजवली," म्हणाले, "पाडलं हे पहिलंच."

तुझी लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग तिने मागचं दार उघडून पोराचा पट्टा सोडला. तो पट्टा सुटल्याचा बारीक आवाज आला ना, त्या आवाजावर मी जगेन.


१४ तारीख, बुधवार

आज सकाळी गेली.

मधल्या दिवसांत सीटा काढल्या, खालचा गालिचा दोरीवर टाकला, त्यातून एवढं पाणी निथळलं की शिंपीण म्हणाली, विहीर सापडली का काय. सीटखालची ती वेडी पेटी गॅरेजवाल्याने बदलली. हे त्याच्या डोक्यावर उभे. त्याने दारं वीस वेळा लावून उघडून दाखवली तरी यांचं आपलं, "अजून एकदा." मग मी पुन्हा आत बसले, खडू घेऊन. हो, बसले. यांनी अर्धा तास पाणी ओतलं आणि मला एकही गोल करावा लागला नाही. तीन ठोके दिले. दार उघडलं.

निघायच्या वेळी हे तिला म्हणाले, गाडीच्या टपाकडे बघत, "तो अजून प्लॅस्टिकच्याच टाक्या विकतो का?"

"हो, आजोबा."

"गळत नाहीत?"

"नाही."

"बरं," म्हणाले. एवढंच. पण तू त्यांचा मुलगा आहेस, त्या बऱ्याची किंमत तुला कळेल.

गाडी गेली आणि तासाभराने घाटावर ढग उतरला. मी फाटकात उभी. भात लागला तिकडे, वास येत होता, पाय हलेना. पोचल्यावर शिंपिणीच्या दुकानात फोन करते म्हणाली होती. दुपार झाली. फोन नाही. पाऊस वाढला. हे तीनदा बाहेर आले आणि तीनदा म्हणाले, "मी आपला पाऊस बघायला आलो."

मग शिंपीण धावत आली. धावत! तिचं वजन तुला माहीत नाही. तोंड उघडेना, नुसती मान हलवतेय, डोळे मोठे. मी फाटकाला धरलं. यांनी माझा दंड धरला. आणि ही बया तोंडातून टाचणी काढतेय. एक टाचणी, मग दुसरी, मग तिसरी!

"पोचली!" म्हणाली. "पोचली हो! घाटभर पाऊस, आणि आत थेंब नाही म्हणाली. पोरगा वाटभर झोपला."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुझे वडील हसता हसता खाली बसले. तिथेच, ओल्या पायरीवर.

आता ही सगळी पत्रं एका पाकिटात घालते आणि पेटीत टाकते. एकेक टाकली असती तर तू तिकडे जीव मुठीत धरून बसला असतास, मी इकडे बसले होते तशी. तुझी लेक रागावली तर सांगेन, सांगितलं नाही गं, लिहिलं.

फोनवर शिंपिणीपाशी तिने अजून एक निरोप दिला. पुढच्या खेपेला नवऱ्याला मागे मुंगळ्यापाशी बसवणार म्हणे, ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी ठेवणार. कुणासाठी ते ती बोलली नाही. हे मात्र आत्ता फाटकाच्या बिजागरीला तेल घालतायत.

ती जागा आता कोरडी आहे, पिंपा. मी स्वतः हात लावून पाहिलंय.

शनिवारी, चोवीस तारखेला येतो म्हणालीत ती दोघं, दुपारच्या जेवणापर्यंत.